घरगुती हत्यारे : पारख आणि खरेदी

संसार म्हटला की खुर्चीचा पाय हलणे, नळ गळणे, दाराची बिजागरी करकरणे, सायकलची साखळी उतरणे हे ओघानेच आले. पूर्वी अशा किरकोळ कामांसाठी सुतार-लोहार हाकेच्या अंतरावर असत. आज अर्ध्या तासाच्या कामासाठी कारागीर मिळवायचा तर त्याच्या दाराशी चार खेपा घालाव्या लागतात. त्यामुळे पुष्कळ घरांतून कर्ता पुरुष, वाढता मुलगा आणि बऱ्याच ठिकाणी गृहिणीही स्वतःच पाना-पक्कड हाती घेऊ लागल्या आहेत, ही आम्हांस आनंदाची गोष्ट वाटते. मात्र मोठ्या हौसेने बाजारातून आणलेली हत्यारे वर्षभरात निकामी होतात, आणि मग ‘हे आपले काम नव्हे’ असे म्हणून ती माळ्यावर टाकली जातात, हेही आम्ही वारंवार पाहतो. अशा वेळी दोष बहुधा हाताचा नसतो, हत्याराचा असतो. म्हणून हत्यार विकत घेताना ते कसे पारखावे, याविषयी थोडे विस्ताराने लिहिण्याचे योजिले आहे.

वाईट हत्यार स्वतः मोडून थांबले असते, तर फारसे बिघडले नसते. ते हातातील कामही मोडते. सैल पान्याने नटाचे सहा कोपरे एकदा का गोल झाले, की मग चांगला पानाही त्यावर चालत नाही. छिन्नी लावून नट कापणे एवढाच उपाय उरतो, आणि काही रुपयांच्या नटापायी शेकडो रुपयांचा भाग बदलावा लागतो. शिवाय जोर लावलेला पाना सटकला की बोटांची सालटी निघतात ती निराळीच. डोळ्यांना आणि जिवालाही धोका असतो. त्याचा उल्लेख पुढे त्या त्या हत्याराबरोबर येईल.

आता हत्याराची किंमत नेमकी कशात असते? पोलादात, आणि त्याहीपेक्षा त्या पोलादाला दिलेल्या पाण्यात. आपल्या लोहारांचा हा शब्द फार नेमका आहे. पोलाद सुमारे आठशे अंशांपर्यंत तापवून लाल केले आणि एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवले, की ते काचेसारखे कठीण होते. पण काचेसारखेच ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवून त्याचा ताठा थोडा उतरवावा लागतो. घासून उजळ केलेल्या पोलादावर या वेळी रंग चढत जातात. सव्वादोनशे अंशांच्या सुमारास गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि तीनशेच्या आसपास निळा. धारेच्या हत्याराला पिवळ्यावर थांबवायचे आणि लवचीकपणा हवा असेल तेथे निळ्यापर्यंत न्यायचे, हे जुना लोहार भट्टीच्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी ठरवीत असे. आज कारखान्यांत हेच काम मोजमाप ठेवणाऱ्या भट्ट्यांत होते. तत्त्व मात्र तेच. पाणी कमी पडले तर हत्यार वाकते, अधिक झाले तर त्याचा टवका उडतो. (पोलादाची ही विद्या आपल्याकडे किती जुनी आहे, हे हैदराबादकडील वाचकांना सांगावयास नको. निजामाबाद जिल्ह्यातील कोनसमुद्रम येथे मुशीत तयार होणाऱ्या पोलादाची कीर्ती दूरदेशी पोहोचलेली होती.)

दुर्दैव असे की हे पाणी दुकानात दिसत नाही. दिसतो तो वरचा मुलामा. क्रोमचा आरशासारखा मुलामा मऊ लोखंडावरही तितकाच चमकतो, आणि पान्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ ही अक्षरे कोणालाही उठवता येतात. तेव्हा ती अक्षरे वाचून निश्चिंत होऊ नये. उलट काळपट, साध्या दिसणाऱ्या पान्याला कमी लेखू नये. गंजाच्या बाबतीत तो थोडा उणा असेल, पण ताकदीत उणा असेलच असे नाही. मुलामा जागोजागी फुगलेला किंवा कडांशी सुटू लागलेला असेल, तर मात्र ते हत्यार हाती घेऊ नये. त्याचे पापुद्रे पात्याप्रमाणे बोट कापतात.

जे दिसत नाही त्याचा अंदाज जे दिसते त्यावरून बांधावा लागतो. यातली पहिली खूण घडीव आणि ओतीव यांतला फरक. बेळगावच्या परिसरातील वाचकांना ओतकाम परिचयाचे आहे. बिडाचा रस साच्यात ओतून यंत्राचा सांगाडा उत्तम होतो, पण पान्याला किंवा पक्कडीला ते चालत नाही. त्यांच्यावर ताण पडतो आणि साधे बीड ताणाखाली तडकते. पाना घडीव पोलादाचाच हवा, म्हणजे लालबुंद सळई साच्यात ठेवून वरून घाव घालून घडवलेला. घडवताना साच्याच्या सांध्यातून जादा पोलाद बाहेर येते आणि ते नंतर छाटून घासले जाते. त्यामुळे घडीव पान्याच्या कडेने घासकामाचा एक रुंदसर पट्टा सहसा आढळतो. ओतीव वस्तूवर बहुधा बारीक उंच रेघ असते आणि पृष्ठभाग रवाळ दिसतो. आणखी एक सोपी परीक्षा म्हणजे पाना दोन बोटांत सैल लोंबता धरून दुसऱ्या पान्याने हलकेच टिचकवावा. पोलाद खणखणते, बीड बद्द वाजते. मडके घेताना आपण हेच करतो. तिसरा प्रकार जाड पत्र्यातून कापलेल्या पान्यांचा. सायकलबरोबर मिळणारा तो चपटा, अनेक भोकांचा पाना या जातीचा असतो. तो अडीअडचणीला ठेवावा, त्याच्यावर विसंबू नये.

जाडी म्हणजे मजबुती, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. पान्याच्या बाबतीत बहुधा उलटच खरे असते. उत्तम पोलादाचा पाना सडपातळ करता येतो आणि म्हणूनच तो अडचणीच्या जागेत शिरतो. हलक्या मालाला बळ आणण्यासाठी जबडा बोजड करावा लागतो. तेव्हा वजन करून हत्यार घेणाऱ्यांनी आपला तराजू घरी ठेवावा हे बरे.

पान्याची खरी कसोटी त्याच्या मापात आहे. दुकानात जाताना खिशात दोन नवे बोल्ट घालून जावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. एक एम ६ जातीचा, ज्याचे डोके सामान्यतः १० मिलिमीटरचे असते, आणि दुसरा एम ८, ज्याचे डोके १३ मिलिमीटरचे असते. हे दोन्ही कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. पाना त्यांवर न ठोकता बसला पाहिजे, आणि बसल्यावर डावी-उजवीकडे जवळजवळ हलता कामा नये. ही परीक्षा एका पान्यावर करून थांबू नये. हलक्या संचात एक पाना बरोबर आणि दुसरा सैल, असे प्रकार आढळतात.

मापांच्या बाबतीत आपल्याकडे एक ऐतिहासिक गुंता आहे. आट्यांचे पहिले पद्धतशीर प्रमाण इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली मांडले, आणि ते इंचांत होते. आपल्या देशाने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली. त्यामुळे आजची वाहने मिलिमीटरची असली, तरी जुनी यंत्रे, जुन्या इंग्रजी बनावटीच्या मोटारसायकली इंची आहेत. घरच्या नळांचे आटे तर अजूनही इंची मापाचेच आहेत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. अर्ध्या इंचाच्या डोक्यावर १३ चा पाना चढतो, पण ०.३ मिलिमीटरची फट राहते, आणि घट्ट बसलेल्या बोल्टाचे कोपरे गोल होण्यास तेवढी पुरे होते. घरात जुने यंत्र असेल त्याने इंची पाने निराळे घ्यावे. ‘चालवून घेऊ’ ही वृत्ती येथे महाग पडते.

उघड्या तोंडाचे पाने घ्यावे की बंद कड्याचे, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. घट्ट नट सोडवायचा असेल तर कड्याचाच घ्यावा, कारण तो सर्व बाजूंनी नट कवटाळतो. त्यातही गंजलेल्या नटासाठी बारा कोनांच्या कड्यापेक्षा सहा कोनांचे कडे अधिक सुरक्षित. उघड्या तोंडाचा पाना सैल झालेला नट भराभर फिरवण्यास सोयीचा. त्याचे तोंड दांड्याशी थोडे तिरके, बहुधा १५ अंशांत, असते ते उगाच नव्हे. पाना उलटा करून लावला की अगदी थोड्या जागेतही नट पुढे सरकवता येतो. ६-७ पासून १८-१९ पर्यंतच्या जोडमापांत घरचे बहुतेक काम भागते. दांड्याची लांबी मापाच्या प्रमाणात ठरवलेली असते. त्यात पाइप घालून ती वाढवणे म्हणजे एक तर पाना मोडणे, नाही तर बोल्ट तोडणे.

लहानमोठा होणारा पाना आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. स्वीडनमधील एनशपिंग गावच्या योहान पेटर योहान्सन यांनी १८९२ साली त्याचे पेटंट घेतले, आणि त्याची मूळ रचना आजतागायत जवळपास तशीच आहे. तो घेताना जबडा अर्धा उघडून बोटाने हलवून पाहावा. तो डुलत असेल तर परत ठेवावा. वापरताना जोर स्थिर जबड्यावर येईल अशा बाजूने ओढावा. पुष्कळ लोक उलटे ओढतात आणि मग पान्याला नावे ठेवतात.

आता पक्कड. (स्वयंपाकघरातील भांडी उचलण्याची पक्कड निराळी, ती मात्र कामाच्या पेटीत जाऊ देऊ नये, नाही तर घरात भलताच तंटा उभा राहील.) पक्कड मिटून उजेडासमोर धरावी. टोके एकमेकांस नीट भिडली पाहिजेत आणि कापण्याच्या धारांमधून उजेड दिसता कामा नये. मग खिशातील कागदाचा तुकडा त्या धारेत धरून दाबावा. कागद स्वच्छ कापला गेला तर धार जुळलेली आहे. कागद नुसता दुमडून अडकला तर तार तरी कशी कापली जाणार? खिळीपाशी दोन्ही पाय आडवे हलवून पाहावेत. नवी पक्कड थोडी कडक चालली तर हरकत नाही, तेलाच्या थेंबाने ती मोकळी होते. सैल पक्कड मात्र कोणत्याही तेलाने आवळत नाही.

पक्कडीच्या मुठीवरील रंगीत प्लास्टिकविषयी आम्हांस विशेष बजावून सांगावयाचे आहे, कारण येथे जिवाशी गाठ आहे. साध्या पक्कडीवरचे ते वेष्टन हाताला सोयीचे व्हावे म्हणून असते. ते विजेपासून रक्षण करीलच, असे मुळीच गृहीत धरू नये. विजेच्या कामासाठी बनवलेल्या हत्यारावर १००० व्होल्ट हा आकडा आणि दोन त्रिकोणांची खूण असते, आणि तशी प्रत्येक वस्तू कारखान्यात विजेच्या दाबाखाली तपासलेली असते. आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची. खूण असलेले हत्यार हाती असले, तरी घरच्या माणसाने मुख्य स्विच बंद करूनच काम करावे; आणि वेष्टनाला चीर गेली की त्याचा तो भरवसा संपला असे समजावे. खिशातील टेस्टरचेही तसेच. त्याच्या पोटात निऑनच्या दिव्याबरोबर एक रोधक असतो. त्याच्यामुळेच आपल्या अंगातून जाणारा प्रवाह कळणारही नाही इतका अल्प राहतो. टेस्टरने स्क्रू पिळून किंवा तो आपटून आतली रचना बिघडवणे म्हणजे स्वतःचेच संरक्षण काढून घेणे होय.

पेचकसाला कोणी स्क्रू ड्रायव्हर म्हणते, बडोद्याकडे डिसमिस म्हणतात. नाव काहीही असो, त्याचे सर्वस्व टोकात असते. चपट्या पेचकसाचे टोक खाचेच्या लांबीइतके रुंद आणि तिच्यात घट्ट बसणारे असावे. टोकाच्या कडा काटकोनी हव्यात. गोलसर कडांचा पेचकस नवा असला तरी झिजलेलाच समजावा. फुलीच्या पेचकसात फसगत अधिक होते. हेन्री फिलिप्स यांनी १९३० नंतरच्या दशकात प्रचारात आणलेली फुली आणि जपानी बनावटीच्या मोटारसायकलींवरील फुली या दिसायला बहिणी, पण एकीची किल्ली दुसरीला पूर्ण बसत नाही. जपानी पद्धतीच्या स्क्रूच्या डोक्यावर पुष्कळदा एक बारीक ठिपका असतो. इंजिनाच्या बाजूचे स्क्रू ज्यांच्या हातून वरचेवर खराब होतात, त्यांनी हा ठिपका शोधावा आणि त्या मापाचा पेचकस मागून घ्यावा. इतर कामांस क्रमांक २ ची फुली, एक मध्यम चपटा आणि एक बारीक एवढे पुरते. पेचकसाची छिन्नी करू नये, हे सांगूनही कोणी ऐकत नाही, तरी सांगतो.

हातोडी घेताना दांडा आधी पाहावा. लाकडाचे तंतू दांड्याच्या लांबीने सरळ धावत असावेत. ते तिरके बाहेर पडत असतील, तर दांडा त्याच रेषेत कधी तरी तुटणार. बाभळीचा दांडा आपल्याकडे मिळतो आणि तो टिकाऊ असतो. डोक्याच्या भोकात तो घट्ट बसलेला आणि पाचरीने पक्का केलेला असावा. वरून नुसता रंग ओतून फट झाकलेली नसावी. पाव ते अर्धा किलोचे डोके घरात पुरते. डोक्याचे तोंड पाणी दिलेले, कठीण असते. म्हणूनच एका हातोडीने दुसऱ्या हातोडीवर घाव घालणे हा घातकी प्रकार आहे. कठिणावर कठीण आपटले की टवका गोळीसारखा सुटतो आणि डोळा जातो. छिन्नीचे असे असते की तिची धार कठीण आणि माथा मऊ ठेवलेला असतो. घाव खाऊन तो माथा छत्रीसारखा पसरला की त्याच्या कडा घासून टाकाव्यात, कारण तेथूनही तुकडे उडतात. चष्म्यासारखी साधी डोळ्यांवरची झापड हातोडीच्या बरोबरच विकत घ्यावी. मुले शेजारी उभी राहून पाहतात, त्यांच्यासाठीही एक.

लोखंड कापण्याच्या करवतीची चौकट पाते ताणून बसवल्यावर हाताने पिळून पाहावी. ती पिळली जात असेल तर कापणे सरळ येणार नाही. इंचाला २४ दातांचे पाते घरास योग्य, आणि दात पुढच्या दिशेने बसवावे. शेगडा बिडाचा असतो आणि तो तसा असण्यात काही गैर नाही. मात्र ओतताना राहिलेली भोके लांबी भरून वर जाड रंग फासण्याची युक्ती बाजारात चालते. रंगाखाली खळगे-उंचवटे दिसले, किंवा नखाने खरवडल्यावर भुगा निघाला, तर तो शेगडा दुकानातच शोभतो.

आता खरेदीची रीत. चमकदार पेटीत चाळीस-पन्नास नगांचा संच पाहून मन मोहते, आणि लग्नाकार्यात भेट देण्यास तो सोयीचाही आहे. पण त्यातील बहुसंख्य नग वर्षानुवर्षे पेटीतून बाहेर निघत नाहीत, आणि जे चार रोज लागतात ते हलके असतात. त्याच पैशांत चार चांगली हत्यारे येतात. आमच्या मते पहिल्या खेपेस एक पक्कड, दोन पेचकस, एक हातोडी आणि कड्याचे चार-पाच पाने घ्यावे. बाकीची हत्यारे काम निघेल तशी घ्यावीत. संच घ्यायचाच असेल तर आधी त्याच बनावटीचा एक सुटा पाना घेऊन घरी महिनाभर वापरावा. कठीणपणा पाहण्याची जुनी कसोटी घरी करता येते. चांगल्या कानशीचा कोपरा पेचकसाच्या टोकावर किंवा छिन्नीच्या धारेजवळ हलकेच ओढावा. कानस घसरत गेली, किंवा अगदी नाखुशीने लागली, तर पाणी बरोबर आहे. लोण्यात सुरी जावी तशी रुतली तर ते मऊ लोखंड होय. दुकानदाराच्या मालावर ही परीक्षा करू नये. तो रागावेल आणि त्याचे रागावणे योग्यच असेल.

आपल्या देशात जालंधर, लुधियाना आणि राजस्थानातील नागौर ही हत्यारांची मोठी ठिकाणे; नाशिकलाही नामांकित कारखाना आहे. परदेशी शिक्क्याच्या मागे धावण्याचे कारण नाही. आयएसआयचा शिक्का असेल तर तो नीट वाचावा. शिक्क्याच्या वर मानकाचा क्रमांक असतो. पक्कडीला आयएस ३६५०, उघड्या पान्यांना २०२८, कड्याच्या पान्यांना २०२९, पेचकसाला ८४४. खाली ‘सीएम/एल’ या अक्षरांनी सुरू होणारा परवान्याचा क्रमांक असतो. भारतीय मानक संस्था १९४७ साली निघाली आणि १९८७ पासून ती भारतीय मानक ब्यूरो झाली. या ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइलवरील सोयीत तो क्रमांक घालून परवाना खरा की खोटा, हे दुकानातच पाहता येते. नामांकित बनावटीची नक्कलही होते. नावाचे एखादे अक्षर बदललेले, ठसा पुसट, किंमत भलतीच कमी, अशी लक्षणे दिसली की सावध व्हावे. पावती मागून घ्यावी. पावती देण्यास जो कां-कूं करतो त्याच्याकडे हत्यार घेऊ नये.

ज्यांना सवड आहे त्यांनी जुना बाजारही पाहावा. हैदराबादचा जुम्मेरात बाजार, पुण्याचा जुना बाजार येथे जुन्या कारागिरांच्या पेट्या कधी कधी येतात. वर गंज चढलेला असतो, पण तो पृष्ठभागावरचा असेल तर रॉकेल आणि तारेच्या ब्रशाने निघतो. खोल खड्डे पडलेले असतील तर सोडून द्यावे. तडा आहे का ते उन्हात फिरवून पाहावे, वितळजोड मारलेले हत्यार घेऊ नये, आणि आगीत सापडून निळेजांभळे झालेले तर मुळीच नको, त्याचे पाणी उतरलेले असते. पक्कडीची खिळी आणि पान्याचे तोंड यांची परीक्षा नव्याप्रमाणेच करावी. खिशातले ते दोन बोल्ट येथेही बरोबर असू द्यावेत.